नॉर्मल आहे, दादा

दादाचं इंजिन मी जाळलं.

खरंखुरं इंजिन. उगाच अलंकारिक वगैरे बोलत नाहीये. चार सिलिंडर, टर्बो, आणि एका पिस्टनला आरपार भोक.

दादा काल गेला. सकाळपासून फोनवर सगळे एकच बोलतायत, "किती शांत माणूस होता!" ऐकून डोकं फिरलंय माझं. म्हणून लिहितेय.

एटीजची गोष्ट. संपानंतर बाबांची गिरणी उघडलीच नाही. घर चालायचं दादाच्या असल्फ्याच्या गॅरेजवर आणि माझ्या घाटकोपरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकीवर.

गॅरेज दुसऱ्याचं. मागे डोंगर, पुढे भिंत, पत्र्याचं छप्पर. मे महिन्यात आत उभं राहवायचं नाही.

"इथेच गाडीखाली म्हातारा होणार बघ मी," दादा म्हणायचा. हसत म्हणायचा, पण खरंच घाबरायचा त्याला.

मग एका श्रीमंत पोराने बोटीने मागवलेली टर्बो गाडी बिघडली. कोणी हात लावेना. दादाने लावला.

टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा. हवा कोंबली की तापते, आणि फार तापलेली हवा आत गेली की इंजिनाची वाट लागते.

म्हणून दादाने त्या हवेच्या पाइपला भोक पाडून थर्मामीटर बसवला. कुर्ल्याच्या भंगारातून आणलेला, आकडे तेवढे दिसायचे, बाकी सगळं पुसलेलं. तार आखूड पडली, म्हणून डायल आला शेजारच्या सीटच्या गुडघ्यापाशी. चालवणाऱ्याला दिसायचा नाही. शेजारी बसून कोणीतरी बघायला लागायचं.

गॅरेजमध्ये त्याला 'ताप' म्हणायचे. "गाडीचा ताप बघ रे."

त्या गाडीचं ऐकून मद्रासहून रेसिंग टीमचा एक माणूस आला. म्हणाला, आरे कॉलनीच्या चढावर पळवून दाखव. नीट पळाली तर याच आठवड्यात माझ्याबरोबर चल, कायमचा.

दादाने त्याच दिवशी बॅग भरली. आईने लाडू वळायला घेतले.

डायल बघायचा तो दादाचा जोडीदार. नेमकी त्याला कावीळ झाली.

"तू चल गो," दादा मला म्हणाला. "दिवसभर लोकांचे ताप बघतेस. गाडीचा बघ. वाढला की ओरड."

एवढंच सांगितलं. मीपण एवढंच ऐकलं.

गाडीच्या काचा काढून प्लास्टिकचे पत्रे ठोकलेले. उघडायची सोय नाही. खांद्यावरून, कमरेवरून पट्टे. हलताच येईना. श्वास घेतला की पेट्रोल.

चढाच्या तोंडाशीच तबेल्यातल्या म्हशी रस्त्यावर. दहा मिनिटं आम्ही आत कोंडलेलो, इंजिन चालू, मद्रासवाला वर घड्याळ घेऊन उभा. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात वर जात नव्हता. मला रडू येत होतं.

काटा चढत होता. सत्तर. ऐंशी. नव्वद.

म्हशी सरल्या.

"ताप किती?" दादा ओरडला.

अठ्ठ्याण्णव.

दवाखान्यात रोज पन्नास जणांना सांगायचे तेच तोंडातून आलं. "नॉर्मल आहे, दादा!"

त्याने पाय दाबला.

आधी टिणटिण आवाज, मग एक दणका, मग धूर. माझा पट्टा अडकला. दादाने स्वतःचा सोडायच्या आधी माझा सोडला आणि मला बाहेर ढकललं.

मद्रासवाला धावत खाली आला. "डायल कोण बघत होतं?"

"मी," दादा म्हणाला. "माझंच लक्ष नव्हतं."

तो माणूस 'सॉरी' म्हणून टॅक्सीत बसला आणि गेला.

मला वाटलं, मी तर नीट सांगत होते, यानेच काहीतरी घोळ घातला. संध्याकाळी आईसमोर मी त्याला झापलं. होय, मी! "एवढी संधी आली होती, लक्ष द्यायला काय झालं होतं तुला?"

त्याने मान खाली घालून भात कालवला.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात सुया उकळत होते. नवा स्टरिलायझर आला होता, त्याला थर्मामीटर. पाणी खदखदत होतं.

काटा अठ्ठ्याण्णववर.

माणसाचा ताप आम्ही फॅरनहाइटमध्ये मोजतो. बाकी सगळं सेल्सियसमध्ये, गाडीचा तो डायलसुद्धा. शाळेत शिकले होते की हे मी! तिथेच स्टुलावर बसले.

तडक गॅरेजमध्ये गेले. दादा गाडीखाली होता. फक्त पाय दिसत होते. मी उभी राहिले आणि परत आले.

अशी किती वेळा गेले असेन. पुढे नर्सिंग केलं, लग्न होऊन मुलुंडला आले, सिस्टर झाले, रिटायर झाले. प्रत्येक भाऊबीजेला ठरवायचे, आज सांगायचं. ओवाळताना त्याच्या हातावरचं काळं ऑइल दिसायचं आणि मी पटकन पेढा त्याच्या तोंडात कोंबायचे.

दादा त्याच पत्र्याखाली म्हातारा झाला.

गेल्या आठवड्यात आयसीयूत शेवटी बोलले. "दादा, त्या दिवशी ताप…"

"गप रव गो," तो म्हणाला. "माका तेव्हाच ठावक होता."

"मग बोलला का नाहीस?"

"रोज लोकांचे ताप बघत होतीस तू. तुला सांगितलं असतं तर परत थर्मामीटर धरला असतास हातात?"

सगळे म्हणतायत, देवमाणूस. असेल. मला राग आलाय त्याचा. भयंकर राग आलाय.

एकदा ओरडायचं होतंस रे. कानाखाली मारायची होतीस. मी रडले असते, माफी मागितली असती, आणि दोघंही मोकळे झालो असतो. तू मला वाचवायला गेलास आणि आयुष्यभर दोघंही त्या बंद गाडीत बसून राहिलो.

आता माफी मागायची तर ऐकायला तू नाहीस. म्हणून इथे, सगळ्यांसमोर मागतेय.

चूक माझी होती. दादाचं लक्ष होतं.

जा दादा. तुझ्या बहिणीचा नमस्कार.