ओट्यावरचं ताट

"आजींना डिमेन्शिया झालाय," नगरचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे स्मृतिभ्रंश. यात मेंदू झिजत जातो आणि आत्ताचं आधी पुसलं जातं. "त्या खोटं बोलत नाहीत. जेवल्याचं त्यांना आठवतच नाही." मी मान खाली घातली. तोवर मी नको ते करून बसले होते.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. केडगावच्या आमच्या गल्लीत दाराशी बसून त्या येईल-जाईल त्याला सांगायच्या, "सून जेवाया देत न्हाई. सकाळधरनं उपाशी हाय." जेवून धुतलेले हात वाळायच्या आत! शेजारच्या कमलकाकू एकदा पदराखाली भाकरी घेऊन आल्या. मी शाळेतली मास्तरीण, माझी पार शोभा झाली.

मग मी त्यांचं ताट बाहेर ओट्यावर मांडू लागले. "बघा हो काकू, दोन भाकरी खाल्ल्या!" असं वर ओरडायचेही. जन्मात कधी पुरुषमाणसासमोर घास न घेतलेली बाई, तोंडावर पदर ओढून, भिंतीकडं वळून खायची. मला दिसत होतं. तरी आठ दिवस मी ते केलं. अजून लाज वाटते.

डॉक्टरांनी एक ई-मेलचा पत्ता दिला. अशा रुग्णांच्या घरच्यांचा गट होता. एकानं लिहिलं की सगळ्यांना पोचायचं. नगरात तेव्हा सायबर कॅफे नवीन होता. शनिवारची शाळा सुटल्यावर गेले, मोडक्या इंग्रजीत सगळं लिहिलं, ओट्यासकट. म्हटलं, आता खा शिव्या.

पुढच्या शनिवारी उत्तरं आली होती. कुठल्या देशातली कोण बाई, ओळख ना पाळख, तिनं लिहिलं होतं, "मीही आईला चारचौघांत खोटं पाडलं आहे. वाद घालू नका. थोडं वाढा, मागितलं की पुन्हा वाढा." मी तिथंच रडले. तिचे उपकार कसे फेडू?

ताट डॉक्टरांकडून आल्या दिवशीच स्वयंपाकघरात परत आलं होतं. आता आधी एक भाकरी, मागितली की झाकून ठेवलेली दुसरी. तुमच्या घरी असं माणूस असेल, तर बायांनो, गल्लीपुढं खरं ठरायला जाऊ नका.

एकदा कमलकाकूंनी दारातच गाठलं. "काय गं, म्हातारीला परत उपाशी ठिवलं व्हय?"

आत्याबाईंच्या दोन भाकऱ्या खाऊन झाल्या होत्या. जिभेवर आलंही होतं. आत्याबाई माझ्याकडंच बघत होत्या.

"चुकलंच माझं, काकू," मी म्हणाले. "चला आत्याबाई, आत चला. वाढते."