गौरीची भिंत

मंगळवारी आमचं बायकांचं भजन असतं. टाळ हातात घेण्याआधी कुणीतरी म्हणतंच, "शोभाताई, तो कुंकवाचा किस्सा सांगा ना, या नव्या बाईंनी ऐकला नाही." एक सांगितला की दुसरा आठवतो, दुसऱ्याच्या पोटातून तिसरा निघतो, आणि पेटीवर बसलेल्या कुसुमताई भाता बंद करून नुसत्या ऐकत बसतात. माझी लेक गौरी स्क्वॉश खेळते. खेळते ती, किस्से साचतात माझ्याकडे!

आणि हे सगळं सुरू झालं माझ्याच एका नवसानं. गौरी तेव्हा चौथीत होती. अमरावतीच्या आमच्या गल्लीत दुपारभर रबरी चेंडू भिंतीवर मारायची. धप्प, धप्प, धप्प. भिंत शेजारच्या देशमुखकाकांची, आणि वेळ त्यांच्या झोपेची. काका खिडकीतून ओरडायचे, "शोभाबाई, तुमची पोट्टी माह्या डोक्शात खिळे ठोकून राहिली!" शेवटी मी अंबादेवीला गेले, पदर पसरला आणि म्हणाले, "आई, एवढा हा आवाज बंद कर. पाच मंगळवार तुझी ओटी भरीन."

देवीनं ऐकलं. गल्लीतला आवाज बंद झाला. कारण गौरी चेंडूसकट एका क्लबच्या बंद खोलीत गेली, आणि तिथे तो आवाज आजतागायत चालू आहे! नवस बोलताना नीट खुलासा करावा लागतो, हे मला तेव्हा कळलं.

*

तिला तिथे नेलं गावंडे सरांनी. सर तिच्या शाळेत खेळाचे शिक्षक. त्या क्लबात कुणा जुन्या साहेबानं स्क्वॉशचं कोर्ट बांधून ठेवलं होतं, पण खेळणारं कुणी नव्हतं. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन बंद कूलर आणि गणपतीचं मखर. सरांनी सगळं बाहेर काढवलं, फरशी पुसावी तसं लाकडी तळ पुसून घेतलं आणि मला म्हणाले, "या बाई, पाहा."

मी पाहिलं. चारी बाजूंनी भिंती आणि एक बुटकं दार. म्हटलं, "सर, खिडकी नाही हो."

"खिडकी असती तं बॉल बाहेर नसता गेला का?"

मग सर गौरीला घेऊन आत गेले आणि मी बाहेर जप करत बसले. अर्ध्या तासानं सर बाहेर आले ते घामानं निथळत. मी घाबरून विचारलं, "काय झालं सर?"

"काही नाही जी. शिकवाले गेलतो. शिकून आलो!"

*

सासूबाईंना हा खेळ समजावणं मात्र सरांनाही जमलं नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी पोळपाटावर कणकेच्या रेघा ओढून दाखवल्या. मध्ये जाळी नसते. दोघी एकाच बाजूला उभ्या राहतात. दोघींनी समोरच्याच भिंतीवर मारायचं.

सासूबाईंनी एका रेघेवर बोट ठेवलं. "दोघी एकाच बाजूनं?"

"हो आजी."

"मंग भांडण कोनाशी?"

"एकमेकींशीच. पण मारतात भिंतीले."

"असं होय!" सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "मंग समजलं. आमी सासवा-सुना भांडे आपटतो, तसंच ना?"

*

आता तो कुंकवाचा. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. यांची स्कूटर, माझं शिलाई मशीन, विळा, अडकित्ता. त्या वर्षी मी गौरीची रॅकेट आणि तो काळा चेंडूही पाटावर मांडला. हळद वाहिली, तेलात कालवलेलं कुंकू लावलं, फूल वाहिलं. गौरीला वाटलं, पूजेचा चेंडू म्हणजे शुभ. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तोच चेंडू घेऊन कोर्टावर गेली. पुसला नाही!

भिंतीला दिवाळीआधीचा पांढरा रंग नुकताच दिलेला. तासाभरात क्लबच्या सेक्रेटरी साहेबांचा माणूस घरी हजर. मी बादली आणि फडकं घेऊन धावले. पाहते तर पांढऱ्या भिंतीवर देवी आल्यासारखे लाल ठिपके! साहेब कमरेवर हात ठेवून उभे. गौरी कोपऱ्यात मान खाली घालून. मी फडकं पिळलं, तेवढ्यात मागून गावंडे सर ओरडले, "थांबा बाई! पुसू नका!"

सरांनी बाहेरून एका खुर्चीवरचं चहाचं ताट उचललं आणि भिंतीवर धरलं. सगळे ठिपके ताटाखाली झाकले गेले. एकही बाहेर राहिला नाही. सरांनी ताट काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

"पाहा साहेब. तासभर मारून राहिली पोट्टी. अन् इतल्याच जागेत!"

साहेब जवळ गेले. चष्मा वर केला. म्हणाले, "भिंत पुसून घ्या. अन् उद्यापासून हिले सकाळची चावी देत जा."

त्यानंतर सर अधूनमधून घरी डोकावायचे. "बाई, कुंकू हाय का थोडं? परीक्षा घ्याची होती."

*

थंडीत तो चेंडू उसळतच नाही. आपटला की जिथल्या तिथे बसतो, रुसलेल्या जावयासारखा. खेळणाऱ्यांना आधी मारून मारून तो गरम करावा लागतो. मला वाटलं, पोरीचा सरावाचा वेळ यात काय म्हणून जायचा? मी चेंडू गरम पोळ्यांच्या मध्ये गुंडाळून डब्यात घातला.

दुपारी सरांचा फोन. "बाई, पोळ्या उत्तम. पण बॉलले तूप कावून लावलं?"

*

गौरीची पदवी झाली आणि स्थळं यायला लागली. अकोल्याकडची एक मंडळी आली. मुलाची आई पोहे खाता खाता म्हणाली, "लग्न झाल्यावरबी हे भिंतीवर मारनं चालूच राहीन का?"

मी काही गोड उत्तर शोधत होते, तोवर आमचे हे म्हणाले, "बाई, भिंतीवर मारते तोवर बरं समजा!"

चहा न घेताच गेली मंडळी. पण हसून झाल्यावर यांनी गौरीला समोर बसवलं. "पाय बेटा, मी तुले आडवा नाही येत. पण या गावाहून त्या गावाले जातं अन् पहिल्या-दुसऱ्या फेरीत हारून येतं. आनखी एक वर्ष घे. मोठ्या खेळाडूंची एक तरी स्पर्धा जिंकून दाखव. नाही जमलं तं बी.एड.ले ॲडमिशन. कबूल?"

"कबूल," गौरी म्हणाली. पण आत जाऊन तिनं रॅकेटची मूठ सोडवून पुन्हा गुंडाळायला घेतली, आणि तेच ती संध्याकाळभर करत राहिली. बी.एड. वाईट असं मी म्हणत नाही, माझी बहीण मास्तरीण आहे. पण काही पोरींना खडू धरायला लावणं म्हणजे गाईला झाडावर चढवणं.

*

त्या वर्षी ती इजिप्तला गेली. तिकडे म्हणे घराघरांत स्क्वॉश खेळतात. मी बजावलं होतं, सकाळी उठून पूर्वेला तोंड करून नमस्कार करायचा. आता हॉटेलच्या खोलीत पूर्व कुठली? तिनं खाली काउंटरवरच्या म्हाताऱ्या काकांना हातवारे करून विचारलं, प्रार्थना करायची आहे, कुठे तोंड करू? काकांना फार आनंद झाला. वर येऊन त्यांनी छतावरचा एक बाण दाखवला. गौरीनं रोज त्या बाणाकडे तोंड करून नमस्कार घातला. तिसऱ्या सकाळी दाराशी घडी घातलेली एक सुंदर सतरंजीही आली!

मग तिच्या लक्षात आलं की तो बाण मक्केच्या दिशेचा आहे. घाबरून मला फोन. "आई, चुकलं का गं?"

"जिंकलीस का?"

"एक जिंकले, मग हरले."

"मग पोचलंय. सतरंजी घडी करून परत दे आणि काकांच्या पाया पड."

*

वर्ष सरत आलं. स्पर्धा राहिली एकच, आणि तीही माझ्या माहेरी अकोल्याला! तिथल्या एका उद्योजकानं दोन नवी कोर्टं बांधली होती आणि हौसेनं देशभरच्या व्यावसायिक खेळाडूंना बोलावलं होतं. पण लग्नसराई असल्यानं लॉज सगळे भरलेले. आयोजक घराघरांत विचारत फिरले, दोघी पाहुण्यांची सोय होईल का? आम्ही माहेरीच उतरलो होतो. माझी वहिनी दारातच म्हणाली, "येऊ द्या ना, दोघी कावून, चौघी येऊ द्या!"

आली चेन्नईची खेळाडू कावेरी आणि तिची आई. आम्ही त्यांना अम्माच म्हणायचो. चेन्नई फार तापतं म्हणतात, पण अकोल्याच्या स्टेशनवर उतरून अम्मांनी आकाशाकडे बघून हात जोडले! त्यांना मराठी येत नाही, मला तमीळ. आम्ही पोळपाट-लाटण्यानं बोलायचो. त्या मला आमटीत चिंच घालून दाखवायच्या, मी त्यांना भाकरी थापून. एकदा त्यांनी माझ्या ताटाकडे बोट केलं. त्यांच्यासाठी मी भात रांधत होते आणि स्वतः खात नव्हते. गौरीनं कावेरीला हिंदीत सांगितलं, बाबांनी मला वर्षाची मुदत दिलीय, मी जिंकेपर्यंत आईनं भात सोडलाय. कावेरीनं अम्मांना सांगितलं. अम्मांनी उठून माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

दोघी पोरी जिंकत गेल्या. आणि फायनलला समोरासमोर आल्या! एकाच घरातून, एकाच रिक्षात बसून जाणार होत्या.

त्या सकाळी मी देवघरात गेले, तर अम्मा आधीच हात जोडून उभ्या. मी शेजारी उभी राहिले. एक देव, दोन आया. मी डोळे मिटले. गौरीचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण आपल्याच घरात, आपलं अन्न खाल्लेल्या पाहुणीच्या खांद्याला खांदा लावून, तिच्या पोरीची हार कशी मागायची? तोंडून निघून गेलं, "देवा, पाहुणीच्या लेकीला यश दे."

आणि मग मला घाम फुटला. देवाला दिलेला शब्द परत घेता येत नाही. आजवर मी कधी घेतला नाही.

स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला सांगितलं. तिच्या हातातली पळी तशीच राहिली. "काय केलं बाप्पा हे! वर्षभर भात सोडला तो कोनासाठी, कावेरीसाठी?"

"आता काय करू?"

"काय करता? देव आज बहिरा असू दे म्हना!"

खेळ शेवटच्या, पाचव्या गेमपर्यंत गेला. मागची भिंत काचेची, सगळं दिसत होतं. मागितलंय तर मनापासून मागितलं पाहिजे, म्हणून कावेरीला पॉइंट मिळाला की मी टाळ्या वाजवायचे. डोळ्यांतून पाणी आणि हातात टाळ्या! गौरीला मिळाला की अम्मा वाजवायच्या. मला वाटलं, किती रीतीची बाई. आमचे हे दाराजवळ, कोर्टाकडे पाठ करून उभे. शेवटी गौरीनं धावत जाऊन कोपऱ्यातून एक चेंडू काढला, तो भिंत आणि जमीन मिळतात त्या सांध्यात बसला आणि उसळलाच नाही.

"झालं का?" यांनी पाठ न वळवता विचारलं.

"झालं!" वहिनी ओरडली. "बी.एड. गेलं तुमचं!"

मला काही कळायच्या आत अम्मांनी मला मिठी मारली. त्या रडत होत्या, हसत होत्या आणि तमीळमध्ये भराभर काहीतरी सांगत होत्या. कावेरी गळ्यात टॉवेल टाकून बाहेर आली, ऐकलं आणि आईकडे बघतच राहिली.

"आंटी, अम्मा बोल रही है, सुबह उसने गौरी के लिए माँगा था. जिस घर का खाया, उस घर की बेटी के लिए."

मी माझं सांगितलं. कावेरीनं ते तमीळमध्ये केलं. अम्मांनी कपाळावर हात मारला.

वहिनी आम्हा दोघींच्या मध्ये उभी होती. तिनं एकदा अम्मांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"म्हंजे शोभाबाई, जन्मभर इतके उपास करूनबी तिचं पुण्य तुमच्याहून भारी!"

तुम्हीही एकदा करून बघा. देवळाच्या रांगेत उभ्या असाल तेव्हा आपलं मागणं क्षणभर राहू द्या, आणि पुढे उभ्या असलेल्या बाईच्या लेकरासाठी मागून या.