पिवळं पाणी, तापलेला विळा

गोजराकाकू घाबरल्या की आधी त्यांचा आवाज घाबरतो. निम्मे शब्द गिळायचे, शेवटचा आभाळात फेकायचा, की झाली गोजराकाकूंची नक्कल: "काहून खाऊन नाई राह्यली वं माय, चांदीईई?" एरवी या चालीवर आमची अख्खी आळी हसते. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

चांदी म्हणजे काकूंची गाभण गाय. मालेगावजवळच काकूंचा भाजीचा मळा आहे. बाजारात न खपलेली दोन पायांची, वाकडी गाजरं थेट चांदीच्या गव्हाणीत जातात. यंदा गाजर उदंड, म्हणून टोपलीवर टोपली चालली होती. आणि आता ती चाऱ्याला तोंडच लावेना.

दुसऱ्या कोणी वाट बघितली असती. पण काकूंची म्हैस मागे बांधावरच्या घाणेरीचा विषारी पाला खाऊन काविळीनं गेली होती, आणि काविळीवर जनावरांना तापल्या विळ्याचा डाग देणारे फुलसिंगबाबा तेव्हा बिडी विझवत म्हणाले होते, "येळ केला बाई तुमी. डाग आधी द्याले पायजे होता." तेव्हापासून काकूंना उशिराचीच धास्ती.

डॉक्टर निता मॅडमनी चांदीचं पोट दाबलं, पापणी उलटली. "पोट बिघडलंय हो काकू."

"रक्त काढा."

"अहो, पण..."

"काढा म्हन्ते ना! म्हशीचं नाई काढलं, तं गेली."

मॅडमनी काढलं. काकूंचा मुकेश नळी घेऊन मालेगावच्या लॅबमध्ये गेला. लॅब माणसांची, अडीनडीला जनावरांचंही रक्त तपासून देते. दुपारी त्याचा फोन आला. एरवी हॉर्नसारखा वाजणारा मुकेश कुजबुजत होता, "आई, रक्त थिजल्यावर वर राह्यते ते पानी हळदीवानी पिवळं हाय म्हन्तात. अन् लिवरच्या एका आकड्यापुढं लाल बाण हाय. दुपटीच्या वर."

काकूंनी तडक फुलसिंगबाबांचं दार गाठलं.

गोठ्यापुढे गोवऱ्या पेटल्या. विळ्याचं पातं आधी काळं, मग लाल, मग बघवेना असं झालं. चांदीला दाव्यानं खांबाशी आवळली. तिनं धुराचा वास घेतला आणि तिच्या पाठीवरून थरथर धावत गेली. बाबांनी विळा उचलला आणि थांबले.

"गाभन हाय बाई. दचकली तं वासरू टाकीन. डाग नाई देला तं काविळीनं दोघंबी जातीन. बोला, देऊ का?"

तेवढ्यात काकूंच्या हातातला फोन वाजला, निता मॅडमचा. काकूंनी तो स्पीकरवर टाकला.

"काकू, मुकेशनं रिपोर्ट पाठवला. काही करू नका! तो बाण माणसाच्या हिशोबाचा आहे. माणसात हा आकडा वाढलेला, गायीत एवढा असतोच. मशीनला काय ठाऊक, समोर गाय आहे का मामा! काविळीचा आकडा तर अजिबात वाढलेला नाही."

"मंग पानी पिवळं काहून?"

"गाजरं किती घातली?"

काकूंनी रिकाम्या टोपल्यांकडे पाहिलं.

"गाजराचा रंग गायीच्या रक्तात उतरतो. पोटही त्यानंच बिघडलं."

"इळा गार होऊन राह्यला," बाबा म्हणाले.

काकूंनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा लाल पात्याकडे. "मॅडम, तुमचं चुकलं तं?"

"तर तुम्ही स्वतः बघा. म्हशीची पापणी आतून कशी होती?"

"निरी हळद."

"आता हिची उलटा."

काकूंच्या बोटांतून पापणी दोनदा सुटली. तिसऱ्यांदा धरली. बाबाही विळा पाठीमागे लपवून वाकले.

"गुलाबी हाय," काकू पुटपुटल्या. मग बाबांना म्हणाल्या, "तुमी पाहा. मले माह्या डोयाचा भरवसा नाई."

बाबांनी बराच वेळ बघितलं. मग विळा पाण्याच्या बादलीत बुडवला. चर्रर्र! चांदीनं असा हिसडा दिला की काकू तिच्या पोटाला मिठी मारून किंचाळल्या, "वासरू! माय वं, वासरू!"

आत काहीतरी हललं. जिवंत होतं.

मॅडमनी येऊन औषध पाजलं, गाजरं बंद केली. दिवेलागणीला चांदीचा जबडा हळूच फिरला. रवंथ सुरू झालं. सगळे हसले. काकू तेवढ्या टॉर्च घेऊन पुन्हा तिच्या डोळ्याशी. चांदीनं वैतागून मान झटकली.

"उलटू दे ना वं माय," काकू रडवेल्या झाल्या, "येकडाव, बस येकडावच!"