चाळणीवाली आणि वीस मशिनी

दीपमालाचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. चारला गल्लीतल्या नळाला पाणी यायचं आणि साडेचारला जायचं. तेवढ्यात चार हंडे आणि एक ड्रम भरायचा, मग भाकऱ्या, मग आई बेबीनंदाच्या गोळ्या, आणि सहाला मंठ्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चाळणीवर हजर. उशीर झाला की जोडीदारीण दुसरी बाई धरते, हा तिथला कायदा. सोळा वर्षांत तिच्यावर ती वेळ आली नाही.

चाळणी म्हणजे खाटेएवढी लोखंडी जाळी, तिवईला टांगलेली. हमाल वरून पोतं रिकामं करतो. दोन बाजूंनी दोन बाया जाळी हलवतात. माती खाली पडते, सोयाबीन पुढे घरंगळतं. बघायला सोपं आहे. पहिल्या दिवशी हलवणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर नेता येत नाहीत. दीपमाला अकरापर्यंत चाळीस पोती काढायची आणि बोलायची फार कमी. बोललीच तर ऐकणाऱ्याला दिवसभर पुरायचं.

"हसत जा की जरा, माय," समोरच्या बाजूची तुळजाबाई म्हणायची.

"हसले की तोंडात माती जाती."

बारापासून पाचपर्यंत ती गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात संगणकाची खोली झाडायची. कागदावर तिचं काम एवढंच. खोलीत वीस मशिनी, सगळ्या जुन्या. सहा वर्षांपूर्वी कोणीतरी संस्थेच्या ध्यानात आणून दिलं की त्यातलं सॉफ्टवेअर चोरीचं आहे. विकत घ्यायला नको म्हणून संस्थेनं सगळ्या मशिनींवर लिनक्स टाकून घेतलं. ते फुकट मिळतं. फुकट मिळालं म्हणून सगळे खूश झाले. ते चालवायचं कोणी, हे कोणी विचारलं नाही.

देखभालीचा ठेका राधेश्याम सरांकडे होता. बसस्टँडसमोर त्यांचा कॉम्प्युटर क्लास. महिन्यातून दोनदा ते यायचे, दारातूनच वीस मशिनींवर नजर फिरवायचे, "अपडेट चालू हाय" म्हणायचे, रजिस्टरवर सही ठोकायचे आणि जायचे. याला काम म्हणत नाहीत. एकेक मशीन बंद पडत गेली. चार महिन्यांत सहा उरल्या. पोरांना घरी पाठवायला लागले.

किल्ली दीपमालाकडे, म्हणून तिला पाचपर्यंत थांबणं भाग. ती बारावी झालेली होती. मेलेल्या मशिनींसमोर हात बांधून बसायची तिला चीड यायची. एके दिवशी तिनं एक चालू केली आणि पडद्यावर जे इंग्रजी उमटलं ते अक्षर न अक्षर वहीत उतरवून घेतलं. शब्दकोश ग्रंथालयातून आणला. पहिल्या दोन मशिनी तिनं पार बिघडवल्या. तिसरी चालली.

मग ती थांबली नाही. पेनड्राइव्हवरून सगळं नव्यानं बसवणं, डिस्कचे भाग पाडणं, प्रिंटर जोडणं, कोणत्या मशीनची डिस्क मरायला टेकली आहे ते नोंदी वाचून ओळखणं, हे सगळं ती तिथंच शिकली. अकरावीच्या पोरांचे गट वेगळे, बारावीचे वेगळे, एकाचं काम दुसऱ्याला पुसता येऊ नये अशा परवानग्या. तिथली वीज दिवसातून तीनदा जायची. बदल केला, वीज गेली, परत आली आणि बदल जागेवर राहिला, तरच दीपमाला काम झालं म्हणायची. नाही राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. दीड वर्षात वीसच्या वीस मशिनी चालू झाल्या आणि पुढं चालूच राहिल्या. रजिस्टरवर सही मात्र राधेश्याम सरांचीच होत गेली.

यंदा नवे प्राचार्य आले, साहेबराव. त्यांनी संगणक खोली सांभाळणाऱ्याचं कायम पद मंजूर करून आणलं. अट एकच: जूनअखेर लिनक्स डेस्कटॉप सांभाळण्याची परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र. दीपमाला त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, पाच वर्षांपासून मीच चालवून राह्यले."

साहेबरावांनी रजिस्टर उघडलं. "इथं तर सगळीकडे राधेश्यामची सही आहे. तुझं नाव झाडलोटीच्या हजेरीत आहे फक्त."

"झाडू कोण मारतं ते लिवलंय. मशीन कोण दुरुस्त करतं ते कोणी लिवलं न्हाई."

"कागद आण, बाई. कागदावर तुझं नाव आलं की पद तुझं. राधेश्यामचा पुतण्या करणही परीक्षेला बसतोय, ते लक्षात ठेव."

तिला कागद पाहिजे होता. त्याहून जास्त, कागदावर स्वतःचं नाव पाहिजे होतं.

परीक्षेची काही वेगळी खुबी असेल, असं वाटून तिनं चाळणीचे पैसे मोडून राधेश्याम सरांच्याच क्लासला नाव घातलं. सर छापील नोट्स वाटायचे आणि त्या मोठ्यानं वाचायचे. पंधराव्या दिवशी परवानग्यांचा धडा आला.

"सगळ्या फोल्डरला सगळ्यांची परवानगी द्यायची," सर म्हणाले. "म्हणजे कटकट न्हाई."

"सर, तसं केलं तर अकरावीचं पोरगं बारावीचं काम पुसून टाकतं," दीपमाला मागून म्हणाली. "मागं टाकलं व्हतं. सुरवातीला तुमीच तसं करून गेल्ते."

पोरं हसली. सरांचे कान लाल झाले. "ए बाई, झाडू मारायचा तो मार गुपचूप. तुमच्या लोकांना सवलती हायेत, तू तशीबी पास होशील."

"फी घेताना कुठं गेल्ती सवलत?"

या वेळी पोरं जोरात हसली. सरांनी तिला तिथल्या तिथं बाहेर काढलं. फी परत दिली नाही. नोट्स मात्र तिच्या पिशवीत राहिल्या.

पुढचे तीन महिने ती रोज एक ते पाच एका मशीनवर बसली. मशीन मुद्दाम बिघडवायची आणि घड्याळ लावून दुरुस्त करायची. विसरलेला मुख्य पासवर्ड बदलायला सुरुवातीला पाऊण तास लागायचा. मेअखेर सहा मिनिटं. बेबीनंदाला लेकीचं हे वेड कळत नव्हतं. "त्या डब्ब्यात काय पुरलंय गं?" ती विचारायची. दीपमाला म्हणायची, "माझं नाव पुरलंय, आये."

परीक्षा जालन्याला होती, जूनमधल्या एका रविवारी. सकाळच्या एसटीनं ती पोचली. परीक्षार्थी आठ. सात राधेश्याम सरांच्या क्लासचे, आठवी ती. दारातच करणनं तोंड उघडलं.

"मावशी, झाडू बाहेर ठिवला का?"

"आणलाच न्हाई. तुझ्यासारखं काही पडलेलं दिसल आसं वाटलं न्हाई."

परीक्षक साधना मॅडम पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी प्रत्येकाला दोन पानांचा कागद दिला. दोन तास, दहा कामं. नवे वापरकर्ते तयार करा, जादा डिस्क कायमची जोडा, सामायिक फोल्डर फक्त एका गटाला उघडा, प्रिंटर लावा, मशीनला मराठी कीबोर्ड द्या, आणि असंच पुढं. दुसऱ्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती: तपासणीआधी मशीन बंद करून पुन्हा चालू केली जाईल, पासवर्ड चालला नाही तर पुढचं काही तपासलं जाणार नाही. दीपमालानं ती ओळ वाचली. बाकीच्यांनी पान उलटलं की नाही, त्यांचं त्यांना ठाऊक.

ती क्रमानं लागली. एक काम, मग तपासणी, मग पुढचं काम. मराठी कीबोर्डशी येऊन ती थबकली. कॉलेजच्या मशिनींवर कीबोर्डांच्या यादीत ती इंग्रजी वर ठेवायची आणि मराठी खाली. सरांच्या नोट्समध्ये ठळक छापलं होतं: मराठी सगळ्यात वर घ्या. ही परीक्षा होती आणि ते छापील होतं. झाडूवालीच्या सवयीपेक्षा छापील खरं असेल, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. तिनं मराठी वर घेतली.

पंचावन्न मिनिटांत करण उठला. त्याच्यामागं बाकीचे सहा. जाताना तो तिच्या खुर्चीला गुडघा लावून गेला. "चालू दे, मावशी. चाळायची पोती लई दिसतेत."

सव्वा तास झाला तेव्हा तिची नऊ कामं झाली होती. दहावं, रोजच्या बॅकअपचं, बाकी होतं. कोणी दुसरा असता तर त्यानं आधी दहावं संपवलं असतं. पण त्या केंद्रात मोठा इन्व्हर्टर होता, वीज जाणार नव्हती. म्हणजे विजेचं काम तिलाच करायचं होतं. तिनं मशीन बंद केली आणि चालू केली.

पासवर्ड मागणारी चौकट आली. तिनं पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला, एकेक बटण बघून. चूक. तिसऱ्यांदा. चूक.

पासवर्ड कागदावर छापलेला होता, तो चुकणं शक्य नव्हतं. पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटत होते, बोटं काय दाबतात ते दिसायला मार्ग नव्हता. मुख्य पासवर्ड बदलता आला असता, सहा मिनिटांत. पण दिलेला पासवर्ड बदलला की तपासणीला तो चालणार नाही आणि सगळंच जाईल. दहा मिनिटं ती नुसती विचार करत बसली. सोळा वर्षांत ती एवढा वेळ रिकामी बसली नव्हती.

ठिपके दिसतात म्हणून काही कळत नाही. मग ठिपके नसतील तिथं टाकून बघावं. नावाच्या चौकटीत अक्षरं दिसतात. तिनं "नाव यादीत नाही" या पर्यायावर क्लिक केलं आणि नावाच्या जागी पासवर्ड लिहिला. पडद्यावर देवनागरी उमटली. काना, मात्रा, कसली तरी जोडाक्षरं. मशीन चालू झाली होती ती मराठी कीबोर्ड घेऊन, कारण तिनंच तो वर बसवला होता.

तिच्या तोंडून एक शिवी निघाली. मोंढ्यातली.

"काही अडचण?" साधना मॅडमनी मान वर केली.

"अडचण न्हाई. गाढवपणा हाय, माझा."

कोपऱ्यातल्या खुणेवरून तिनं कीबोर्ड इंग्रजी केला. पासवर्ड चालला. आत जाऊन इंग्रजी वर घेतली, मराठी खाली. मशीन पुन्हा बंद, पुन्हा चालू. या वेळी काही न बदलता पासवर्ड चालला. जोडलेली डिस्क जागेवर होती, गटाचं फोल्डर परक्याला उघडत नव्हतं. मग दहावं काम घेतलं. ते संपवून तिसऱ्यांदा मशीन बंद-चालू केली तेव्हा चार मिनिटं उरली होती. चारही मिनिटं ती खुर्चीतच बसून राहिली.

निकाल आठ दिवसांनी आला. आठांपैकी एक पास. करणची आणि बाकी सहाजणांची मशीन तपासणीत चालू झाली, पण सातही जणांनी नोट्सप्रमाणे मराठी वर घेतली होती. पासवर्ड चालला नाही आणि पुढचं कोणी बघितलं नाही. साहेबरावांनी त्याच दिवशी आदेश काढला. सोमवारपासून हजर. आदेशावर तिचं पूर्ण नाव होतं. तिनं ते उभ्यानं दोनदा वाचलं आणि पिशवीत घातलं. पेढे वाटले नाहीत.

"आता तर हस," तुळजाबाई म्हणाली.

"हात चालव. पोतं आलंय."

शनिवारी चाळणीचा शेवटचा दिवस. आठवड्याची मजुरी घेऊन ती बसस्टँडवरून निघाली तर क्लाससमोर, दोन खांबांच्या मधोमध, नवा फ्लेक्स. अर्ध्या फ्लेक्सभर राधेश्याम सरांचा हात जोडलेला फोटो. बाजूला, क्लासच्या फॉर्मवरचा, तिचा. खाली लिहिलं होतं: जिल्ह्यात झळकलेली आमची विद्यार्थिनी दीपमाला, मार्गदर्शक राधेश्याम सर. प्रवेश सुरू.

ती सरळ क्लासमध्ये शिरली. आत नव्या पोरांचे आईबाप बसले होते.

"ये, ये, दीपमाला," सर उठून म्हणाले. "ह्याच बघा त्या ताई. आपल्याच क्लासच्या."

"माझा फोटो काढा तिथून."

"अगं, पंधरा दिवस हुतीस ना? फी भरली, पावती हाय. मंग विद्यार्थिनीच की."

"तुमच्याकडून एकच गोष्ट उचलली मी, अन तेवढीच चुकली. इचारा करणला, त्येनं सगळ्याच उचलल्या."

एक बाप उठून उभा राहिला. सरांचा आवाज खाली आला. "हे बघ, फ्लेक्स वर चढलाय. उतरवायचा खर्चा कोण देणार? तू देती?"

"देते."

फ्लेक्स चढवणारा धुळाजी समोरच्याच टपरीवर चहा पीत होता, शिडी भिंतीला टेकवलेली. दीपमालानं त्याला भाव विचारला. त्यानं सांगितला. मोंढ्यातल्या दोन दिवसांची मजुरी होत होती. तिनं घासाघीस केली नाही, नोटा त्याच्या हातावर ठेवल्या.

"सगळाच उतरवू का, ताई?" धुळाजीनं विचारलं.

"सगळा कशाला? त्येंचा त्येंना राहू द्या. माझा फोटो अन माझं नाव, तेवढं कापा."

राधेश्याम सर दारात येऊन ओरडत होते. धुळाजी शिडी चढला, खिशातून ब्लेड काढलं आणि आधी तिचा फोटो कापला, मग नाव. दोन्ही तुकडे गुंडाळून त्यानं खाली तिच्या हातात दिले. ऐंशी पोत्यांची मजुरी तिनं ह्यात घातली.