एकसारखे डबे

समोरच्या घरात वसुधाताई एकट्या राहतात. त्यांना दिसत नाही. त्यांच्या ओट्यावर मीठ चिनी मातीच्या बरणीत असायचं, पिठीसाखर पितळी डब्यात, चहा कान तुटलेल्या मगात. हात लागला की वस्तू कळायची.

काल त्या बाहेर गेल्या होत्या. शेजारच्या नलूकाकूंकडे त्यांची किल्ली असते. काकूंनी सगळं स्वयंपाकघर 'लावून दिलं', एकसारख्या प्लास्टिकच्या डब्यांत. मग आम्हा बायकांना बघायला बोलावलं. "बिचारीला आहे कोण? तेवढंच आपल्याला पुण्य."

इतक्यात वसुधाताई आल्या. ओट्यावरून त्यांचा हात फिरला. या डब्यावरून त्या डब्यावर, आणि सगळे सारखेच गुळगुळीत. काकू लगेच आमच्याकडे वळल्या. "बघितलंत? स्वतःच्या घरात चाचपडतेय. हिला आता आश्रमातच ठेवायला हवं." समोर उभ्या असलेल्या बाईबद्दल, ती तिथं नाहीच अशा थाटात!

मला शिसारी आली. कुणी खरकट्या हातानं आपलं पिण्याचं पाणी ढवळावं, तशी. दुसऱ्याच्या हाताला सवयीचं झालेलं जग न विचारता उचलून न्यायचं, आणि तो हात रिकामा फिरला की हळहळायचं. याला आपण दया म्हणतो, वर पुण्यही मागतो.

"मीठ कुठल्या डब्यात आहे, काकू?" वसुधाताईंनी शांतपणे विचारलं.

काकूंनी दोन डबे उघडले. दोन्हीत पांढरंशुभ्र. त्या जरा घुटमळल्या, मग एकात बोट घालून चाटलं.

आणि तेच उष्टं बोट त्यांनी दुसऱ्या डब्यात घातलं.