गोदावरीतला जबडा

अधिक महिन्यात अनारशांचा वास आला, की माझा उजवा पाय आपोआप उचलला जातो. लग्नानंतर पहिल्या धोंड्याच्या जेवणाला घनसावंगीकडं सासुरवाडीला गेल्तो, तेव्हा गोदावरीत अंघोळीला उतरलो. गढूळ पाण्यात पाय कशाच्या तरी दातांत अडकला आणि मी असा ओरडलो, की काठावरच्या म्हशी उठल्या. भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या मेहुण्यानं बुडी मारून दगड झालेला जबडाच वर काढला. "दाजी, ही मगरीची चुलत पणजी! ही जातच कवाची संपली. जबडा निमुळता हाय, म्हंजी मासे खायची, माणसं न्हाई. आन् दात पडला, की खालून नवा यायचा." शेवटचं त्यानं सांगायला नको होतं. आता माझेच दात हलतात, पण पाण्यात पाय घालताना वाटतं, तिला नवे आले असतील.