जोडलेल्या मानेची गिटार

शेजाऱ्यानं फोनवर फोटो दाखवला तेव्हा मी कणीक मळत होते. पिठाचे हात तसेच ठेवून वाकून पाहिलं. मांडीवर आडवी घेऊन, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची जुनी हवाईयन गिटार. तिच्या पोटावर, भोकाच्या डाव्या अंगाला, विडीनं जळाल्याचा चट्टा होता. तो चट्टा मी लगेच ओळखला.

"ताई, राजुऱ्याचे एक म्हातारे मास्तर विकून राह्यले. कलकत्त्याचा जुना माल आहे म्हणते. घेण्यासारखी आहे का, तुम्ही पाहून द्या न."

शेजारी कोळसा खाणीत नोकरीला. वाजवायला तो माझ्याकडेच शिकला. चंद्रपुरात कोणाला जुनी गिटार घ्यायची असली की बहुतेक मलाच सोबत नेतात. मी त्याला आतलं काही सांगितलं नाही. "रविवारी जाऊ," एवढंच म्हटलं. तो आठवडा मी सणाची वाट पाहावी तसा काढला.

ही गिटार मी वाजवली होती, ऊर्जानगरात, आमच्या क्वार्टरपासून हाकेच्या अंतरावरच्या पटांगणात. बाबा वीज केंद्रात कामाला होते. मास्तर तिथल्या ऑर्केस्ट्राचे मालक, गुरू, सगळं काही. जयंतीच्या कार्यक्रमात मला पहिल्यांदा स्टेजवर बसवायचं ठरलं, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मास्तरांकडे दोन गिटारी होत्या. चांगली त्यांनी भाच्यासाठी राखून ठेवली आणि ही मला दिली. तालमीत मी सांगितलंही, "मास्तर, हिच्या तारा उतरतात."

"तारा नाई उतरत, तुहा कान उतरते," ते म्हणाले. सगळे हसले.

एप्रिलचा उकाडा, वर दिव्यांची धग. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं आणि तारा हार्मोनियमपासून खाली खाली जायला लागल्या. मी कांडी पुढे सरकवून सूर गाठायचा प्रयत्न केला, पण मोकळी तार वाजली की सारं उघडं पडायचं. मास्तरांनी हात वर करून गाणं थांबवलं आणि माइक तोंडाशी घेतला. "माफ करा मंडळी, पोरीच्या कानात सूरच नाई." मला उठवलं. भाचा आपली गिटार घेऊन माझ्या खुर्चीवर बसला. पहिल्या रांगेत आईबाबा होते.

बाबांना मग कंपनीच्या बसमध्ये लोक विचारायचे, "काय भाऊ, पोरीचा कान दाखवला का डॉक्टरले?" थोडे दिवस त्यांनी ऐकून घेतलं, मग माझा क्लास बंद केला. नोकरी लागल्यावर मी स्वतःच्या पैशानं गिटार घेतली आणि हट्टानं शिकले, पण माझं वाजवणं ऐकायला तोवर बाबा राहिले नव्हते.

राजुऱ्याला मास्तरांच्या ओसरीवर खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. गिऱ्हाईक येणार म्हणून त्यांनी ऑर्केस्ट्रातल्या जुन्या तबलजीलाही बोलावून घेतलं होतं. मास्तर वाळले होते, पण केस अजून काळे केलेले. त्यांनी मला ओळखलं नाही. बरंच झालं.

मी गिटार मांडीवर घेतली आणि आधी तिचं कौतुक केलं. मुद्दाम केलं. पाठीवर बोटानं टकटक करून म्हटलं, "लाकूड चांगलं आहे. आतल्या पट्ट्या सुटल्या नाहीत. खुंट्याही मूळच्याच दिसतात." मास्तर फुलले. सुनेला हाक मारून म्हणाले, "चहा ठेव वो, बाईले पारख आहे." शेजाऱ्याचा हात खिशाकडे गेला. मी त्याला थांबवलं. सगळ्या तारा नीट सुरात लावल्या, गिटार खाली ठेवली आणि म्हटलं, "आता आधी चहा घेऊ."

मी सावकाश चहा प्यायले. मग पुन्हा तारा छेडल्या. सगळ्या उतरल्या होत्या.

"नव्या तारा आहेत, उतरतेच," मास्तर घाईनं म्हणाले.

"नवी तार आपली आपली उतरते मास्तर, कोणती कमी, कोणती जास्त. ह्या साऱ्या मिळून उतरल्या. मान वाकली की असं होते."

शेजाऱ्याला मोबाईलचा उजेड धरायला लावला. मान जिथं पोटाला मिळते तिथं पॉलिशखाली एक बारीक रेघ होती. मानेवर अंगठा दाबला तशी रेघ उघडली. तिच्यात नख शिरलं.

तबलजी पुढे वाकला. त्या बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. "अरे, हे तर आलापल्लीच्या कार्यक्रमाहून येतानी गाडीवरून पडली होती! तुम्हीच त जोडली होती न मास्तर?"

"जयंतीच्या आधी का नंतर?" मी विचारलं.

"आधी. म्हणून त त्या पोरीचं स्टेजवर..." तो बोलता बोलता थांबला आणि माझ्याकडे पाहत राहिला.

"ते पोरगी मीच," मी म्हटलं.

सून रिकामे कप उचलायला आली होती, ती दारातच उभी राहिली. मास्तर म्हणाले, "जाऊ दे न बाई, जुनी गोष्ट आहे."

"जुना माल म्हणूनच त विकून राह्यले न तुम्ही. सांगा मास्तर, खराब काय होतं? माहा कान का हे गिटार?"

ते खाली पाहून पुटपुटले, "गिटार."

"तवा माइकवर बोलले होते. आता निदान सुनेले ऐकू जाईल असं बोला."

"गिटार खराब होती," ते मोठ्यानं म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. माझ्या अंगावरून गार वारा गेल्यासारखं वाटलं. दया येईल म्हणून मी थोडी वाट पाहिली. ती आली नाही.

फाटकापाशी ते मागून आले. "चंद्रपुरात कोणाले सांगू नको, मंग कोणी घेणार नाई." मी सांगितलं. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं, ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं, आणि त्यांच्या भाच्याला तर मुद्दाम फोन करून सांगितलं.

परतताना शेजारी गाडी चालवत होता. राजुरा मागं पडल्यावर म्हणाला, "ताई, म्हातारा माणूस होता."

"गिटार घ्यायची होती का तुला?"

"नाई."

"मग झालं."

घरी आई पलंगावर बसून शेंगा सोलत होती. तिला सगळं सांगितलं, मास्तरांच्या फाटलेल्या आवाजासकट. शेंग सोलता सोलता तिनं विचारलं, "रडला का थो?"

"नाई."

आईनं टरफलं सुपात टाकली. "मंग काऊन उठली वो एवढ्या लवकर? अजून एक कप चहा मांगायचा होता."